दोनदा सांगितलेला उपदेश

भंडारा जिल्ह्यात काय पाहिलं, असं परत आल्यापासून आमच्या चर्चच्या मंडळीतलं प्रत्येक माणूस विचारतं. मी सांगते, नदी पाहिली, तलाव पाहिले, भाताच्या गंजी पाहिल्या. यातलं काहीच खोटं नाही. पण मी तिथून जो धक्का घेऊन आले, तो यात कुठेच नाही, आणि तो सांगायची मला तिथूनच आज्ञा झाली आहे. म्हणून हे लिहिते आहे.

माझे वडील पाळक आहेत. यंदा जानेवारीत त्यांची आणि भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीच्या पाळकांची एका रविवारापुरती अदलाबदल ठरली. ते आमच्या पुण्याच्या चर्चमध्ये उपदेश करणार आणि पपा त्यांच्या. ते आमच्या घरी राहणार, आम्ही त्यांच्या. ममीला शाळेतून रजा मिळेना, म्हणून पपांबरोबर मी निघाले. कॉलेजला दांडी मारायला मिळाली, एवढाच मला तेव्हा आनंद होता.

गावाचं नाव मी लिहीत नाही. भंडारा ते पवनी रस्त्यावरचं एक गाव, एवढं पुरे.

वरठी, गुरुवार

वरठीचं स्टेशन म्हणजेच भंडारा रोड, हे मला माहीत नव्हतं. भंडारा कधी येतं याची वाट बघत मी खिडकीत बसले होते आणि पपा ट्रंक घेऊन फलाटावर उभे राहून मला हाका मारत होते. शेवटी एका अनोळखी बाईनं मला जवळजवळ ढकललं. "उतरा ना बाई, भंडारा इथूनच जावं लागते!" माझी एक चप्पल गाडीतच राहिली. पुढचे दोन तास मी एका पायात चप्पल आणि एका पायात मोजा, अशी एसटीत बसले होते. कोणी हसलं नाही. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं मात्र कंडक्टरला सांगितलं, "अजी, पोरीले पवनीले नवी चप्पल घेऊन द्या म्हना तिच्या बाले." सगळ्या बसला माझ्या पायाची काळजी होती. पुण्यात मी अनवाणी गेले असते तरी शेजारच्यानं पेपर खाली केला नसता.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं होती, मधूनच एखादा तलाव, त्यावर बगळे. घरांच्या भिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आणीबाणीपासून तसाच, पावसानं फिका झालेला.

गावात आम्हाला घ्यायला दोघं आली होती. एक सायमन गुरुजी, मंडळीचे वडीलधारे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, धोतर आणि काळा कोट. दुसऱ्या विमलवहिनी, ज्यांच्या घरी आम्ही उतरणार होतो त्या पाळकांच्या पत्नी. पाळकांचं नाव दानियल. ते आदल्या दिवशीच पुण्याला निघाले होते.

"सलाम साहेब," गुरुजी म्हणाले. मग माझ्या पायांकडे बघून, "हे पुन्याची फॅशन व्हय का?"

वहिनींनी स्वतःची चप्पल काढून माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः अनवाणी चालू लागल्या. मला नको म्हणायलाही सुचलं नाही.

मला बोलायला सुचत नाही, ही माझी जुनीच अडचण आहे. माझी शाळा इंग्रजी होती. मराठी शब्द तोंडून गेला तर दंड व्हायचा. त्यामुळे मराठी मी घरी शिकले, आणि तीही बरीचशी पपांच्या उपदेशातून. लोकांशी मी फार बोलत नाही. बघते. आणि बघितलेलं शनिवारी पपांना सांगते. पपा उपदेश लिहायला बसले की चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "बेबी, या आठवड्यात काही दिसलं का?" बस स्टॉपवरचं भांडण, रेशनच्या रांगेतली म्हातारी, असं मी काहीतरी सांगते. रविवारी ते व्यासपीठावरून ऐकू येतं. 'परवाच एका भगिनीला मी पाहिलं' असं ते सुरू होतं. ती भगिनी कोण, हे पाचशे माणसांत कुणालाच माहीत नसतं. मला त्याचा अभिमान वाटायचा. मला वाटायचं, माझं बोलणं असंच असतं, दुसऱ्याच्या तोंडून.

त्या दिवशी जेवायला नव्या तांदळाचा भात, लाखोळीची डाळ आणि वाळलेल्या झिंग्यांची चटणी होती. मिरची जवळच्याच भिवापूरची. मी पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून धारा लागल्या.

"अगं माय! तिखट झालं का बेबीताई?"

मी मान हलवून नाही म्हटलं आणि अख्खा तांब्या रिकामा केला. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. घरात पपा मला बेबी म्हणतात ते त्यांनी ऐकलं होतं. तेव्हापासून मी बेबीताई झाले.

पवनी, शुक्रवार

सकाळी वहिनी म्हणाल्या, "मी पवनीले जाऊन राहिली. चप्पल घ्याची असन तं चला."

पपांना पवनीच्या उत्खननात निघालेले जुने बौद्ध दगड पाहायचे होते, पण त्यांना गुरुजींनी घरोघरी भेटींना नेलं. आम्ही दोघी निघालो. एसटीत गर्दी होती. वहिनींच्या मांडीवर एक शेळीचं पिल्लू कुणीतरी न विचारता ठेवून दिलं आणि उतरताना उचलून नेलं. दोघांनाही त्यात काही विशेष वाटलं नाही.

चप्पल पाच मिनिटांत झाली. मग वहिनी जुन्या तटाच्या आतल्या एका गल्लीत वळल्या. गल्लीत घराघरातून हातमागाचा आवाज येत होता. एका घरापाशी मात्र माग बंद होता. वहिनींनी आधी दोन्ही बाजूंना पाहिलं, मग आत गेल्या. मला हात धरून ओढलं.

आत एक म्हातारी चटईवर पाय पसरून बसली होती. वहिनींना बघून तिचा चेहरा असा उजळला, की मी कुणाच्या भेटीत तसं पाहिलेलं नाही.

"आली का विमल? एकटीच आली? जावाई नाई आले?"

"नाई माय. त्यायले काम आहे."

"अन हे पोरगी?"

"मैत्रीण आहे माय."

म्हातारीनं कोनाड्यातली कुंकवाची डबी काढली. वहिनींनी वाकून कपाळ पुढे केलं. म्हातारीनं अंगठ्यानं कुंकू लावलं, मग गालावरून हात फिरवून बोटं मोडली. म्हणाली, "किती दिवसानं आली गं. दिवाळीलेबी नाई आली." मग तिनं मला जवळ बोलावलं आणि माझ्याही कपाळाला लावलं. मी पाळकाची मुलगी. माझ्या कपाळाला आयुष्यात कुंकू लागलेलं नव्हतं. पण त्या अंगठ्यापुढून मागे सरणं मला जमलं नाही. तिचा अंगठा खरखरीत होता, सूत हाताळून झालेला.

तासभर आम्ही तिथे होतो. वहिनींनी आईची वेणी घातली, नखं काढली, डब्यातला भात कालवून भरवला. म्हातारीनं दिवाळीचं तीनदा विचारलं.

एसटी स्टँडवर आल्यावर वहिनी नळावर गेल्या, पदराचं टोक ओलं केलं आणि कपाळ पुसलं. मग तेच टोक माझ्यापुढे धरलं. मीही पुसलं. बाकावर बसल्यावर त्या आपण होऊन बोलल्या.

त्यांचं माहेर विणकराचं. बारा वर्षांपूर्वी दानियलभाऊंशी लग्न करून त्या ख्रिस्ती झाल्या, तेव्हा दोन्ही भावांनी सांगितलं, या घरात पाय ठेवायचा नाही. आईनंही तोंड फिरवलं होतं. पण तीन वर्षांपूर्वी आईची आठवण जायला लागली. लग्न गेलं, बाप्तिस्मा गेला, भांडण गेलं.

"मी ख्रिस्ती झाली हेच तिले आठवत नाई आता. तिले वाटते, मी दूर दिली आहे अन सणाले आली. दोन्ही भाऊ दर शुक्रवारी माल घेऊन नागपूरले जातात, माग बंद राहते. धाकटी वहिनी घरी राहते, पन ते कोनाले काही बोलत नाई. तेवढ्यात मी येतो. भावाले समजलं का दार बंद. आमच्या मंडळीतले दोघं त्यायच्याच मागावर कामाले आहेत, म्हून गावातबी मी कोनाले बोलत नाई."

"दानियलभाऊंना माहीत आहे?"

"नाई. त्यायले काय सांगू? पाळकाची बायको कपाळाले कुंकू लावून घेते? अन मायले काय सांगू, नको लावू?" मग पदराचं ओलं टोक पिळत, "माय लावते तवा मी तिची पोरगी असतो. पुसतो तवा यायची बायको. एका शुक्रवारी दोन्ही होतो मी."

मला कुणाला सांगू नका, असं त्या म्हणाल्या नाहीत. ते सांगावं लागतं असं त्यांना वाटलं नसावं.

शनिवार

शनिवारी सकाळी पपा अंगणात बाजेवर वही घेऊन बसले होते. गावातल्या गाठीभेटींनी ते थकले होते. भाषा नीट कळत नव्हती, आणि पुण्याहून आणलेला उपदेश इथे चालणार नाही असं त्यांना वाटत होतं. विषय त्यांनी ठरवला होता, दुटप्पी मन. चष्मा कपाळावर गेला.

"बेबी, काही दिसलं का?"

मी सांगितलं.

का सांगितलं याचा मी फार विचार केला आहे. उत्तर साधं आहे. मला ते इतकं सुंदर वाटलं होतं, की एकटीला पेलवेना. आणि पपांखेरीज मी कुणाला काही सांगतच नाही. मी अंगठा सांगितला, नळ सांगितला, पदराचं ओलं टोक सांगितलं. फक्त माझ्या कपाळाचं सांगितलं नाही. ते मी आपोआप गाळलं.

पपांनी चष्मा खाली ओढला. मग म्हणाले, "फारच हृदयस्पर्शी." आणि लिहू लागले. मी उठून वहिनींना तांदूळ निवडायला मदत करायला गेले. मनात काहीही शंका आली नाही.

रविवार

चर्च म्हणजे कौलारू, मातीच्या भिंतींचं, शेणानं सारवलेलं लांबट घर. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, सगळे सतरंजीवर. चपला बाहेर. ऑर्गन नाही, ढोलकी आणि झांजा. अर्पणाच्या वेळी बायकांनी पदरात बांधून आणलेले तांदूळ एका टोपलीत ओतले. रोज भात टाकताना एक मूठ बाजूला काढायची आणि रविवारी आणायची, अशी इथली रीत. टोपली भरत जाताना पावसासारखा आवाज येत होता. मला आमच्या चर्चमधली मखमली पिशवी आठवली, जिच्यात कोण काय टाकतं ते कळू नये म्हणून तळाला कापड लावलेलं असतं.

इथली आणखी एक रीत मला गुरुजींनीच आदल्या दिवशी सांगितली होती. बाहेरचा पाळक आला, की त्याचा उपदेश झाल्यावर गुरुजी उभे राहतात आणि सगळा उपदेश पुन्हा गावच्या बोलीत सांगतात. "तुमची पुस्तकी मराठी मागं बसलेल्या बुढ्यायले समजत नाई," ते म्हणाले होते. "चाळीस वर्सं झाली. मी काही जोडत नाई, काही सोडत नाई. जसंच्या तसं." त्यांचा त्यावर फार जीव होता.

पपा चांगलं बोलले. नेहमीच बोलतात. मधेच त्यांचा आवाज खाली आला, उदाहरण येतंय हे मी त्यावरूनच ओळखते.

"परवाच एका भगिनीबद्दल मला समजलं. ती प्रभूला मानते. पण आठवड्यातून एकदा ती गुपचूप दुसऱ्या गावी जाते आणि तिथे कपाळाला कुंकू लावून घेते. घरी परतण्याआधी नळावर जाते, पदराचं टोक ओलं करते आणि ते पुसून टाकते. प्रियहो, तिला हसू नका. आपण सगळेच देवासमोर एक कपाळ आणि जगासमोर दुसरं कपाळ घेऊन फिरतो."

 शब्द माझे होते. नळ माझा होता, ओलं टोक माझं होतं. फक्त आई कुठेच नव्हती. आईशिवाय ती गोष्ट ऐकली आणि मला ती बाई ढोंगी वाटली. मला, जिनं तिच्यासोबत कपाळ पुसलं होतं.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या माझ्यापासून दोन हातांवर होत्या. त्यांनी मान वर केली नाही. अजून कुणाला काही कळलं नव्हतं. अर्ध्या लोकांना पपांची भाषा डोक्यावरून जात होती, काही पोरं चुळबुळ करत होती. मला वाटलं, निभावलं.

मग गुरुजी उभे राहिले.

त्यांनी सगळं सांगितलं, खरोखरच काही न सोडता. आणि ते उदाहरणापर्यंत आले.

"साहेब म्हनून राहिले का एक बाई आहे. प्रभूले मानते. पन हप्त्यातून एकदा मोटारीत बसून दुसऱ्या गावाले जाते. तिथं कपाळाले कुंकू लावून घेते. मंग स्टँडवरच्या नळावर..."

ते थांबले. पपांनी मोटार, म्हणजे एसटी, म्हटलं नव्हतं, स्टँड म्हटलं नव्हतं. ते गुरुजींच्या स्वतःच्या माहितीतून आलं होतं. दर शुक्रवारी मोटारीत बसून दुसऱ्या गावी जाणारी प्रभूला मानणारी बाई त्या गावात एकच होती, आणि हे त्यांना बोलता बोलता, तोंडातलं वाक्य अर्धं असताना समजलं. त्यांचा चेहरा मला समोरून दिसत होता. म्हातारा माणूस इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता.

मागून एस्तेरआजीचा आवाज आला. त्या सगळ्यात म्हाताऱ्या, ऐकू कमी येतं म्हणून मोठ्यानं बोलणाऱ्या. अगदी निष्पाप आनंदानं, कोडं सुटल्यासारखं त्या म्हणाल्या, "अगे, हे तं आपल्या विमलबाईचीच गोष्ट व्हय! शुक्रवारची मोटार!"

सगळी मंडळी वळली. ऐंशी चेहरे.

त्या क्षणी मी उभी राहू शकले असते. मी म्हणू शकले असते, तिची आई होती तिथे, आईला काही आठवत नाही, आणि तिनं माझ्याही कपाळाला लावलं. एवढी तीन वाक्यं. पाळकाच्या मुलीच्या कपाळाला लागलं म्हटल्यावर कुणी काय बोललं असतं? मी सतरंजीच्या एका निळ्या धाग्याकडे पाहत बसले. तो धागा मला आजही दिसतो.

वहिनी उठल्या नाहीत, गेल्याही नाहीत. शेवटचं गीत झालं तेव्हा त्या सगळ्यांबरोबर गायल्या. घरी येऊन त्यांनी आम्हाला जेवायला वाढलं. पपांच्या पानात त्यांनी दुसऱ्यांदा भात घातला तेव्हा पपा म्हणाले, "विमलबाई, मी नाव घेतलं नव्हतं हो. ओळखू येऊ नये म्हणूनच तर मी आईचा उल्लेख काढून टाकला."

"हाव साहेब," त्या म्हणाल्या. "घ्या, डाळ घ्या."

पपांचा हात पानावरच थांबला. मला वाटतं, आपण काय म्हणालो ते त्यांना तेव्हा ऐकू आलं.

जेवणानंतर मी मागच्या अंगणात गेले. वहिनी भांडी घासत होत्या.

"तुमीच सांगितलं?"

"हो."

"काहून?"

"मला फार आवडलं म्हणून."

त्यांनी भाताच्या गंजाचं काळं बुड राखेनं घासलं, गंज पाण्यात बुडवला, उपडा ठेवला. "आवडलं तं आपल्याजवळ ठेवावं ना बेबीताई."

दिवस मावळायच्या आधी गुरुजी आले. ओसरीच्या पायरीवर बसले, वर आले नाहीत. "चाळीस वर्सं दुसऱ्यायचं बोलनं सांगून राहिलो," ते पपांना म्हणाले. "मले वाटे, मी फक्त बोली बदलतो. आज मीच सांगितलं ना साहेब, माह्याच तोंडानं." पपा त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. एक ते बोललेला, दुसरा तेच पुन्हा बोललेला.

सोमवार

मागावर काम करणारे दोघं सोमवारी सकाळी कामाला गेले असणार. दुपारी वहिनींचा थोरला भाऊ सायकलवर आला. तो अंगणात आला नाही, फाटकाबाहेर सायकल धरून उभा राहिला. मी दारात होते.

"विमल!"

वहिनी बाहेर गेल्या.

"तीन वर्सं येऊन राहिली तू. आमच्या पाठीमागं."

"मायले भेटाले येत होती दादा."

"मायले भेटाले? अन माय लावते ते कुंकू नळावर पुसते? सारी पवनी बोलून राहिली. मायनं आपल्या हातानं लावलेलं कुंकू पुसते तू?" त्याचा आवाज फाटला. मला वाटलं होतं तो ओरडेल. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "नसतं लावून घ्याचं. मी लावून घेत नाई म्हनाचं. पुसाचं कायले?"

 चर्चमध्ये लोकांना लावण्याचा राग होता. याला पुसण्याचा होता. ज्या दोन घरांमध्ये वहिनी तीन वर्षं कुणालाही न दुखवता ये-जा करत होत्या, ती दोन्ही घरं आम्ही एका वाक्यात दुखावली होती.

पपा पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "चूक माझी आहे. यांचा काही..."

"तुमी कोन?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सायकल वळवली. "शुक्रवारी येऊ नको विमल. दाराले कुलूप राहीन."

वहिनी फाटकाशी उभ्या राहिल्या, सायकल दिसेनाशी होईपर्यंत. मग म्हणाल्या, स्वतःशीच, "शुक्रवारी माय विचारन ना, विमल काहून नाई आली. अन विसरून जाईन. अन पुन्हा विचारन."

मंगळवार

आमची बस सकाळची होती. वहिनी सोडायला आल्या. त्यांनी डब्यात भात आणि ती चटणी दिली होती, कमी तिखट करून. मी रविवारपासून मनात जुळवत असलेलं वाक्य म्हणाले, "वहिनी, मला माफ करा."

त्यांनी माझ्या खांद्यावरची पिशवी नीट केली.

"पुन्याले तुमच्या मंडळीचं मासिक निघते ना? साहेब सांगत होते, बेबी लिहिते त्यात."

"मी आता काही लिहिणार नाही."

"काहून? लिहा ना. आता काय लपवाचं राहिलं?" बस दिसू लागली होती. "फक्त साहेबानं मायले काढून टाकलं. तुमी लिहान तं मायसकट लिहा. माहं नाव टाका. एक भगिनी नका लिहू."

वरठीला दानियलभाऊंची गाडी आमच्या गाडीच्या तासभर आधी आली. अदलाबदलीचे दोन पाळक फलाटावर भेटले. दानियलभाऊ म्हणजे उंच, सावळा, शांत माणूस. ममीनं दिलेली चकल्यांची पिशवी हातात होती. पुण्यात कसं झालं, असं पपांनी विचारण्याआधीच ते म्हणाले, "तुमची मानसं लय चांगली साहेब. साऱ्यायनं हात मिळवले. पन मनातलं मले कोनी काही सांगितलं नाई."

पपांनी त्यांना बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. काहीही न गाळता. मी बाजूला उभी होते. सांगून झाल्यावर पपा म्हणाले, "तुम्हाला हे तुमच्या पत्नीकडून कळायला हवं होतं."

दानियलभाऊ चकल्यांच्या पिशवीची गाठ सोडत होते, बांधत होते.

"मले माहीत होतं," ते म्हणाले.

पपा त्यांच्याकडे वळले.

"पहिल्या वर्षीच समजलं. कपाळावर थोडं राहून जाये, केसापाशी. म्हून शुक्रवारचा दिवस मी दूरच्या गावच्या भेटी ठेवल्या. सांजच्याले उशिरा येवो, का तिले तोंड धुवाले वेळ मिळन. मी विचारलं असतं तं तिले सांगा लागलं असतं. सांगितलं असतं तं मले काही म्हना लागलं असतं." ते उठले. "माह्या बसची वेळ झाली साहेब."

परतीच्या गाडीत पपा खिडकीबाहेर बघत होते. नागपूर गेल्यावर मी त्यांना माझ्या कपाळाचं सांगितलं. ते खिडकीपासून वळले.

"आणि तूही पुसलंस?"

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सांगितलं असतंत."

पुण्याला आल्यावरच्या शनिवारी ते वही घेऊन बसले, चष्मा कपाळावर गेला, माझ्याकडे पाहिलं, आणि चष्मा परत खाली आला. गेले सहा शनिवार असंच चाललं आहे. त्यांचे उपदेश आता थोडे कोरडे होतात, असं मंडळीत बोललं जातं. कारण तुम्हाला आता कळलं.

या आठवड्यात दानियलभाऊंचं पत्र आलं. त्यातलं मी लिहावं असं विमलवहिनींनी सांगितलं आहे, म्हणून लिहिते. आता शुक्रवारी ते दोघं मिळून पवनीला जातात. समोरच्या दारानं. पहिल्या शुक्रवारी कुलूप होतं. दुसऱ्या शुक्रवारी कुलूप नव्हतं, पण दार बंद होतं, आणि भाऊ नागपूरला न जाता घरीच होते. दोघं ओट्यावर बसून परत आली. तिसऱ्या आणि चौथ्याही तसंच. गल्लीतली माणसं येता-जाता बघत होती.

पाचव्या शुक्रवारी आतून म्हातारीचा आवाज आला, "बाहेर कोन बसलं आहे?" कुणी उत्तर दिलं नाही. तिनं पुन्हा विचारलं, आणि पुन्हा. तेव्हा थोरल्या भावाचा आवाज आला, "विमल आहे." मग म्हातारी म्हणाली, "तं मंग बाहेर काहून? तिले कुंकू लावा."

दार उघडलं नाही. थोड्या वेळानं फक्त एक फळी किलकिली झाली आणि धाकटी वहिनी डबी घेऊन बाहेर आली. तिनं आधी दानियलभाऊंकडे पाहिलं. ते ख्रिस्ती पाळक, काळा कोट घालून, बायकोच्या शेजारी ओट्यावर बसलेले. विमलवहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी वाकून कपाळ पुढे केलं.

पत्राचा शेवट दानियलभाऊंच्या शब्दांत देते. 'स्टँडवर नळ होता. तिले पानी प्याचं होतं, ते पेली. पदर कोरडाच ठेवला. मी तिच्या बाजूले बसून आलो. मोटारीत आपल्या मंडळीतले चौघे होते, सायमन गुरुजीबी होते. त्यायनं सरकून तिले खिडकीची जागा देली.'